शून्य गुंतवणुकीचे दिवे: एका मंगल कार्यालयाचा हिशेब

‘दिवे आम्ही बदलतो, पैसे आम्ही घालतो, तुम्ही फक्त बचतीतला वाटा द्या. वर सरकारी सवलत आणि आयकरात चाळीस टक्के घसारा.’ असं सांगणाऱ्या एका कंपनीच्या सेवेचा हा रिव्ह्यू. नाव लिहीत नाही, कारण याच साच्याची पत्रकं माझ्याकडे वेगवेगळ्या नावांनी आलेली आहेत आणि मजकूर सगळ्यांचा जवळजवळ सारखा. पाचपैकी दोन तारे. एक त्यांनी नमुन्याला आणलेल्या दिव्यांना, ते खरंच चांगले होते. दुसरा त्यांच्या त्या मुलाला, जो मे महिन्याच्या उकाड्यात शिडी लावून एकेक चोक मोजत होता आणि सरबताला नको म्हणत होता.

मिरजेत आमचं मंगल कार्यालय आहे. सासऱ्यांनी बांधलं, आता मी, दीर आणि माझा मुलगा अशी भागीदारी संस्था ते चालवते. म्हणजे रोजचं बघते मी, सही तिघांची. खाली भोजनकक्ष आणि कोठी, वर मुख्य सभागृह, वधूपक्ष-वरपक्षाच्या खोल्या, मागे लॉन. लॉन हा शब्द मोठा आहे, गवत दिसतं ते गणपतीपर्यंत.

२०२४ च्या उन्हाळ्यात दिव्यांची अवस्था अशी होती: सभागृह आणि भोजनकक्ष मिळून दीडशे ट्यूब, ३६ वॉटच्या, जुन्या तांब्याच्या चोकवर. चोक स्वतः बारा-चौदा वॉट खातो, म्हणजे ट्यूबमागे ५० वॉट धरायचे. आठ झुंबरं, प्रत्येकात बारा बल्ब, ४० वॉटचे पिवळे. स्टेजवर ५०० वॉटचे सहा हॅलोजन, ज्यांच्याखाली भटजींना होमापेक्षा जास्त धग लागायची. लॉनवर २५० वॉटचे दहा मेटल हॅलाइड दिवे. शिवाय कंपाउंड, जिना, पार्किंग आणि मागच्या बोळात मिळून चौदा ट्यूब, त्या मात्र रोज रात्रभर. सगळी बेरीज पावणेअठरा किलोवॉटच्या आसपास.

हेच सगळं एलईडीत केलं तर सव्वापाच किलोवॉटवर येतं. ट्यूब २० वॉटची, झुंबरातला बल्ब ४ वॉटचा, स्टेज आणि लॉनचे फ्लड १०० वॉटचे. साडेबारा किलोवॉट वाचतात. इथपर्यंत कंपनीचा आणि माझा हिशेब एकच होता.

पुढच्या पानावर वाटा फुटल्या. त्यांनी साडेबारा किलोवॉटला गुणलं दिवसाचे दहा तास आणि वर्षाचे ३३० दिवस यांनी. उत्तर आलं सुमारे ४१ हजार युनिट. माझ्या तेव्हाच्या बिलात युनिटमागचे सगळे आकार धरून युनिटला सोळा रुपयांच्या आसपास पडत होते, कारण व्यापारी दर, वर वहन आकार, इंधन समायोजन आणि या सगळ्यावर व्यापारी जोडणीचं २१ टक्के वीज शुल्क. तर बचत वर्षाला साडेसहा लाख, त्यातला ७० टक्के वाटा पाच वर्षं त्यांचा, ३० टक्के माझा. कंपनीच्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर आनंद होता. मी ड्रॉवरमधून वर्षभराची बिलं काढली. अख्ख्या कार्यालयाचा, म्हणजे दिवे, पंखे, पंप, मिक्सर, खोल्यांतले एसी धरून, वर्षाचा वापर होता १८ हजार युनिटच्या आसपास. वापरते १८ हजार आणि वाचवणार ४१ हजार!

तो मुलगा वाईट नव्हता. त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की कार्यालय म्हणजे मॉल नव्हे. लग्नं होतात तुळशीच्या लग्नानंतर ते आषाढीच्या आधीपर्यंत, त्यातही पौष कोरडा आणि गुरू-शुक्राचा अस्त आला की महिनेच्या महिने रिकामे. काढीव मुहूर्तांमुळे हल्ली बरं आहे, तरी मुंजी, साखरपुडे, डोहाळजेवणं, पतसंस्थांच्या सभा सगळं मिळून वर्षाला सत्तर-ऐंशी कार्यं. सभागृहातली ट्यूब वर्षाला सातशे तास जळली तर फार झालं. त्या एका ट्यूबमागे ३० वॉट वाचले तर वर्षाला २१ युनिट, म्हणजे ३३६ रुपये. मागच्या बोळातली, जिच्याकडे कुणी बघतसुद्धा नाही ती ट्यूब, रात्रीचे बारा तास रोज जळते. तिच्यात तेवढेच ३० वॉट वाचले की १३१ युनिट, २१०० रुपये. दिवा तोच, किंमत तीच, फरक सहा पटींचा. म्हणून माझा पहिला सल्ला: कुणी बचतीचा कागद आणला की वॉट बघू नका, तास बघा.

आणि कराराचं कलम वाचा. माझ्याकडे आलेल्या मसुद्यात बचत ‘मोजलेली’ नव्हती, ‘मानलेली’ होती. म्हणजे मीटर काय दाखवतो याच्याशी संबंध नाही. आम्ही ४१ हजार युनिट वाचवले असं धरून तुम्ही दरमहा अमुक रक्कम द्यायची. साडेसहा लाखांचे ७० टक्के म्हणजे साडेचार लाखांच्या वर. वर्षभराची अख्खी वीज वापरूनही मी महावितरणला याच्यापेक्षा बरेच कमी पैसे भरत होते! मी म्हटलं, मीटर बसवा, जेवढं वाचेल त्याचे ७० काय ८० टक्के घ्या. त्यावर ‘वरिष्ठांशी बोलून कळवतो’ झालं, ते कळवणं अजून चालूच आहे.

या पद्धतीलाच नावं ठेवणं बरोबर नाही, हेही लिहिते. ऊर्जा सेवा कंपनी, ज्याला एस्को म्हणतात, ती कल्पना चोख आहे. ऊर्जा दक्षता ब्यूरो, म्हणजे बीईई, अशा कंपन्यांची यादी ठेवतं आणि पतमापन संस्थांकडून त्यांची प्रतवारी करून घेतं. ज्यांच्याकडे दिवे रोज ठराविक तास जळतात तिथे हिशेब जमतो. ऊर्जा बचतीची कामं करणाऱ्या ईईएसएल या सरकारी कंपनीने नगरपालिकांचे रस्त्यावरचे दिवे याच वळणाने बदलले: आधी पैसे कंपनीचे, फेड बचतीतून. रस्त्यावरचा दिवा पौषात सुट्टी घेत नाही. तुमच्याकडे येणाऱ्याला यादीतला दर्जा विचारा. माझ्याकडे आलेल्यांनी ‘सरकारमान्य’ म्हटलं होतं. दर्जा विचारल्यावर कळलं की मान्यता दुसऱ्याच कंपनीला, हे तिचे ‘चॅनल पार्टनर’.

आता सरकारी सवलतींकडे येते, कारण बहुतेक जण हा रिव्ह्यू त्यासाठीच उघडतील. पत्रकात चार नावं होती. एकेक करून बघितली.

उजाला. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेली, घराघरात स्वस्त एलईडी बल्ब देणारी योजना. ती घरगुती ग्राहकांसाठी. तिच्यात अनुदान नव्हतंच. सरकारने घाऊक खरेदी केली आणि २०१४ मध्ये तीनशे दहा रुपयांना पडणाऱ्या बल्बची खरेदी किंमत २०१६ पर्यंत ३८ रुपयांवर आली. माझ्या मते या सगळ्या विषयातली सर्वांत मोठी मदत हीच, आणि ती अर्ज न करता मिळाली: आज मी बाजारात जाऊन जो दिवा घेते त्याची किंमत त्या खरेदीने पाडलेली आहे.

दुसरी, इमारतींची ऊर्जा दक्षता योजना, ईईएसएलची. ती मुख्यतः सरकारी कार्यालयं, रेल्वे स्थानकं अशांसाठी. तिसरी, सिडबी (लघुउद्योगांसाठीची विकास बँक) आणि इतर बँकांची ऊर्जा बचतीची कर्जं. ती खरी आहेत, पण लघुउद्योगाच्या यंत्रसामग्रीच्या मापाने शिवलेली आहेत, दीड लाखाच्या दिव्यांसाठी ऊर्जा लेखापरीक्षण करून घ्यायला बसलं तर परीक्षकाची फीच बोचते. जुलै २०२५ मध्ये केंद्राने अदिती (ADEETIE) नावाची नवी योजना आणली, ऊर्जा बचतीच्या कर्जावर सूक्ष्म-लघु उद्योगांना व्याजात ५ टक्के आणि मध्यम उद्योगांना ३ टक्के सूट. फाउंड्री, कापड अशी ठरावीक १४ क्षेत्रं त्यात आहेत. सांगली-कोल्हापूर पट्ट्यातल्या फाउंड्रीवाल्यांनी जरूर बघावी. अक्षता टाकणं हे त्यात क्षेत्र धरलेलं नाही.

चौथी गोष्ट घसाऱ्याची, म्हणजे वस्तूची झीज म्हणून दरवर्षी नफ्यातून वजा होणाऱ्या रकमेची, आणि ही सगळ्यात जास्त विकली जाते. ‘मॅडम, ऊर्जा बचतीच्या उपकरणावर चाळीस टक्के घसारा आहे, पूर्वी तर ऐंशी होता.’ हे खोटं नाही. आयकर नियमांच्या परिशिष्टात ‘ऊर्जा बचत करणारी उपकरणं’ असा गट आहे, ३१ मार्च २०१७ पर्यंत दर ८० टक्के होता, नंतर ४० झाला. पण त्या गटाखाली उपकरणांची यादी दिलेली आहे: शंट कपॅसिटर, मोटरचा वेग नियंत्रित करणारी साधनं, बॉयलर, उष्णता परत मिळवणारी यंत्रणा, असं बरंच काही. एलईडी दिवा तिच्यात नाही. आमचे सीए त्या यादीवर बोट ठेवून म्हणाले, ‘वहिनी, इथे दाखवा, मी चाळीस लावतो.’ दिवे बसतात फर्निचर आणि फिटिंगच्या गटात, ‘विद्युत फिटिंगसह’ असं तिथे स्पष्ट लिहिलंय, दर १० टक्के. छतावर सोलर पॅनेल बसवलं तर ते मात्र चाळीसच्या गटात येतं, विक्रेत्यांचा घोळ कदाचित तिथूनच होत असावा. मी जे लिहितेय ते २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं आणि १९६१ च्या कायद्याचं. एप्रिल २०२६ पासून नवा कायदा आहे, कलमांचे आकडे बदललेत, तेव्हा तुमच्या सीएंना विचारूनच करा.

मग करात काहीच नाही का? आहे, आणि चाळीस टक्क्यांपेक्षा चांगलं आहे. ते कुणी पत्रकात छापत नाही कारण त्यात विकण्यासारखं काही नाही. जुनी पट्टी तशीच ठेवून आत फक्त ट्यूब बदलली, चोक-स्टार्टर बाजूला काढून थेट जोडणी केली, झुंबर तेच ठेवून बल्ब बदलले, तर ती चालू दुरुस्ती. दुरुस्तीचा पूर्ण खर्च त्याच वर्षी नफ्यातून वजा होतो. भागीदारी संस्थेला ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर, म्हणजे ३१.२. लाखाच्या दुरुस्तीवर त्याच वर्षी ३१,२०० रुपये कर वाचला. तोच लाख नव्या फिटिंगवर घातला तर पहिल्या वर्षी घसारा दहा हजार आणि कर वाचला ३१२०. आणि ती फिटिंग त्या वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरली असेल तर घसाराही निम्मा, म्हणजे हातात १५६०.

ही १८० दिवसांची भानगड आमच्या धंद्याच्या पंचांगात कशी बसते ते गमतीचं आहे. ३१ मार्चपासून मागे १८० दिवस मोजले की ३ ऑक्टोबर येतो. २०२४ साली घटस्थापना नेमकी ३ ऑक्टोबरला होती. कार्यालय मोकळं मिळतं ते पितृपंधरवड्यात, त्या वर्षी तो २ ऑक्टोबरला संपला. म्हणजे काम पंधरवड्यात उरकून घटस्थापनेच्या सभेला दिवे लावले तर आयकराचाही मुहूर्त साधतो. अडचण एकच, आमच्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे, हिशेबात अजून पक्क्या. ‘पितृपंधरवड्यात नवी वस्तू घेतात होय?’ मी म्हटलं, नवी नाही आई, दुरुस्ती आहे. त्यांनी विचार केला आणि म्हणाल्या, ‘दुरुस्ती चालते. नवीन आणाल ते मात्र आधी आणून ठेवा.’ सीएंनी हुबेहूब हीच विभागणी सांगितली होती. मी ट्यूब आणि बल्ब पंधरवड्यात बदलले, आणि स्टेज-लॉनचे नवे फ्लड गणपतीतच आणून बसवून घेतले. दोघांचंही समाधान.

जीएसटीबद्दल थोडक्यात. एलईडी दिव्यांवर जुलै २०२२ पर्यंत १२ टक्के होता, तेव्हापासून १८. आम्ही भाड्यावर १८ टक्के लावतो, त्यामुळे दिव्यांवर भरलेला कर आम्हाला वळता मिळतो, म्हणजे आम्ही भरायच्या जीएसटीतून तेवढा वजा होतो. पण बिल कसं बनवून घेता त्यावर हे अवलंबून आहे. एका इंटिरियरवाल्याने फॉल्स सीलिंग, रंग आणि पॅनेल दिवे मिळून एकच ‘हॉल नूतनीकरण’ असा ठेका देऊ केला होता. ते खर्च इमारतीत भांडवली म्हणून धरले की इमारतीच्या ठेक्यावरचा कर वळता मिळत नाही, कायद्याच्या १७(५) मध्येच ते अडवलंय. म्हणून दिव्यांचं बिल दिव्यांचं, मजुरीचं बिल मजुरीचं, आणि सीलिंगचं काय करायचं ते वेगळं. मी सीलिंग केलंच नाही. आमचं छत उंच आहे, ते झाकायला सासऱ्यांनी उंच बांधलं नव्हतं.

हॉटेलवाल्या मैत्रिणीने माझा हिशेब जसाच्या तसा उचलू नये म्हणून लिहिते: ५ टक्के जीएसटी लावणाऱ्या रेस्टॉरंटला वळता कर मिळत नाही, १८ टक्के हा निव्वळ खर्च. आणि जे छोटे दुकानदार जुन्या आयकर कायद्याच्या कलम ४४एडीमध्ये उलाढालीच्या ८ किंवा ६ टक्के नफा दाखवतात, त्यांना दुरुस्ती काय आणि घसारा काय, वेगळं काही वजा करता येत नाही. त्यांच्यासाठी या विषयातली कर सवलत शून्य. त्यांचा फायदा फक्त मीटरवर.

मीटरवरचा फायदा मात्र असा निघाला की मी स्वतः तो आधी धरला नव्हता, आमच्या वायरमन अण्णांनी दाखवला. महावितरणच्या व्यापारी लघुदाब गटात तेव्हा अशा पायऱ्या होत्या: २० किलोवॉटपर्यंत एक, २० ते ५० दुसरी, त्यापुढे तिसरी. पहिल्या पायरीत स्थिर आकार जोडणीमागे ठरावीक आणि युनिटचा दर कमी. दुसऱ्या पायरीत केव्हीएनुसार, म्हणजे एका वेळी किती भार ओढला त्यानुसार, मागणी आकार, वर पॉवर फॅक्टरचा (ओढलेल्या विजेतली किती कामी आली त्याचा) दंड किंवा सूट, आणि युनिटचा दर चढा. आमचा मंजूर भार होता ३१ किलोवॉट. अण्णांनी वहीत मांडलं: दिवे सव्वापाच, पंखे पाच, खोल्यांचे एसी साडेतीन, पंप आणि कोठीतला ग्राइंडर चार-साडेचार. ‘काकू, हे १९ मध्ये बसतंय. वीसच्या आत जाऊ या.’

भार कमी करण्याचा अर्ज महावितरणच्या ऑनलाइन सेवेतून केला, लायसन्सवाल्या ठेकेदाराचा चाचणी अहवाल जोडला. गट बदलला. आधी युनिटला सोळा पडत होते, आता बारा-तेरा. मागणी आकार गेला. दिव्यांनी स्वतः वर्षाला आठ हजार युनिटच्या थोडं वर वाचवले, जुन्या दराने सव्वा लाखाच्या वर. गट बदलल्याने जे वाचलं ते जवळपास त्याच्या तोडीचं आहे. कोणत्याही पत्रकात ही ओळ नव्हती. का नसावी ते समजतं: मानलेल्या बचतीवर पैसे घेणाऱ्याला युनिटचा दर उतरणं परवडत नाही.

ही वीसची रेघ सांभाळावी लागते. डेकोरेटरचे पार लाइट, डीजे, बाहेरून येणारे कूलर हे सगळं आमच्या बोर्डावर लागलं की एकाच संध्याकाळी रेघ ओलांडली जाते आणि मीटर ती नोंदवून ठेवतो. म्हणून बुकिंगच्या फॉर्मवर आता कलम आहे: सजावट आणि ध्वनी जनरेटरवर. सुरुवातीला मांडववाले कुरकुरले. एकाने मुंडावळ्या बांधून होईपर्यंत वाद घातला. आता सगळ्यांना पाठ झालंय.

दिव्यांच्या दर्जाबद्दल लिहायलाच हवं, कारण मंगल कार्यालयात दिवा युनिटसाठी लावत नाहीत. अण्णांनी आधी भोजनकक्षात ६५०० केल्विनची पांढरीफट्ट ट्यूब लावून दाखवली. जिलबी आजारी दिसत होती आणि मसालेभाताचा रंग उडाल्यासारखा. केल्विनचा आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळसर, म्हणून तिथे ४००० घेतली. स्टेजला ३०००, कारण नवरीचा शालू आणि हळदीचा रंग थंड प्रकाशात मरतो. दिवा घेताना सीआरआय विचारा, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा. साध्या ट्यूबला ८० चालतो, स्टेजला मी ९० चे फ्लड घेतले, महाग पडले, पण रोज कुणाच्या तरी आयुष्यातला एकच फोटो तिथे निघतो. व्हिडिओवाल्याला बोलावून कॅमेरा लावून बघा, स्वस्त ड्रायव्हरच्या (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागाच्या) दिव्यात पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसतात. डोळ्याला ते दिसत नाहीत, अल्बम आल्यावर वधूपक्षाला दिसतात. झुंबराचा जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागला, एलईडी त्याच्यावर लुकलुकायचे.

लॉनवर एक अनपेक्षित फायदा झाला. मेटलच्या दिव्यांवर वळवाच्या पावसानंतर किड्यांचा थवा यायचा, रिसेप्शनच्या काउंटरवर मठ्ठ्याला झाकण घालून माणूस उभा करावा लागायचा. पिवळसर एलईडीवर किडे बरेच कमी येतात. बाहेरचे दिवे घेताना आयपी ६५ (धूळ-पाणी आत न जाण्याचा दर्जा) आणि सर्ज संरक्षण (विजेचा दाब अचानक उसळला तरी दिवा वाचवणारं) बघा, आमच्याकडे वळवात वीज जी नाचते त्यात पहिला जातो तो ड्रायव्हर.

आणि जुने चोक. कंपनीच्या मसुद्यात बारीक अक्षरात लिहिलं होतं की काढलेलं सगळं साहित्य कंपनीचं. दीडशेहून जास्त तांब्याचे चोक आणि मेटलचे जड चोक! मी ते ठेवून घेतले आणि भंगारवाल्याला वजनावर दिले, मजुरीचा बराच भाग त्यातून सुटला. ट्यूब मात्र फोडू देऊ नका, त्यात पारा असतो. ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांत त्या येतात, अधिकृत गोळा करणाऱ्याकडेच द्या.

एकूण खर्च जीएसटी सोडून एक लाख चाळीस हजारांच्या जवळपास गेला, आमच्याच पैशांनी, कर्ज न काढता. साहित्य सांगलीतल्या घाऊक दुकानातून घेतलं, बीआयएसची, म्हणजे भारतीय मानक ब्यूरोची, नोंदणी खोक्यावर बघून, दोन वर्षांची वॉरंटी बिलावर लिहून घेऊन. दुकानदाराला चार तारे. एक तारा कापला कारण वॉरंटीत बदलायला नेलेल्या चार ट्यूबसाठी त्याने खोकं मागितलं, आणि ट्यूबची खोकी वर्षभर कोण जपून ठेवतं? अण्णांना पाच. ते तारे मोजणाऱ्यांतले नाहीत, त्यांना मजुरी वेळेवर दिली की पुरतं.

त्या कंपनीचा मुलगा परवा पुन्हा आला होता, आता दुसऱ्या कंपनीचं कार्ड घेऊन, सोलर विकायला. या वेळी त्याने बसल्याबसल्या आधी बिलं मागितली. मी बारा महिन्यांची काढून दिली आणि सांगितलं, जून ते नोव्हेंबर नीट बघ, तेव्हा इथे दिवे फारसे लागत नाहीत, मग तयार झालेली वीज जाणार कुठे त्याचा आकडा घेऊन ये. आणि स्टेशन रोडवरच्या लॉजचा पत्ता दिला. तिथे जिन्यात दिवसासुद्धा अंधार असतो, चोवीस तास ट्यूब चालू असतात, त्यांच्यासाठी त्याची जुनी योजनासुद्धा चालली असती, फक्त मीटर बसवून.